गळाला लागलेला माणूस: गरवायला जाणाऱ्या नवशिक्यासाठी

देवगडच्या बाजूला, आमच्या गावच्या खाडीवर एक आबा बसतात. त्यांचं सगळं सामान म्हणजे पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस (नायलॉनची दोरी), टोकाला एक गरी (गळाचा आकडा), आणि वजनाच्या शिशाऐवजी गॅरेजातून उचललेला जुना स्पार्क प्लग. मी त्यांच्या शेजारी पहिल्यांदा जाऊन बसलो तेव्हा माझ्या अंगाखांद्यावर अकरा हजारांचा ऐवज होता. कार्बनची काठी, रीळ, सोळा खिशांचं जाकीट, रंगीत प्लॅस्टिकच्या माशांची पेटी आणि बोटं कापलेले हातमोजे. ते कापलेलेच मिळतात, हे मला बिल दिल्यावर कळलं.

संध्याकाळपर्यंत आबांनी तीन तांबोश्या आणि एक पालू काढला. मी एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिने बऱ्यापैकी झुंज दिली, हे मान्य करायला हवं. आबांनी माझी काठी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "काठी बरी आसा. पण माशाक काय म्हायत ती कितक्याची ती?"

त्या अकरा हजारांतून जे काही वसूल झालं ते इथे लिहितो आहे. गळाने मासे धरायला आमच्याकडे 'गरवणं' म्हणतात. ते शिकायला फार पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते न शिकता मासे मिळतील अशा आशेला.

घरात विषय काढणे

खरेदीच्या आधीची ही पायरी आहे आणि बहुतेक जण ती वगळतात. मग काठी पडद्याच्या दांडीसारखी गुंडाळून चोरून घरात आणावी लागते.

घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बाजारात मासे मिळत नाहीत का?" यावर किमतीचा हिशोब मांडू नका, हराल. माझ्या पहिल्या वर्षाचा खर्च धरलेल्या माशांच्या वजनाने भागला तर साधी शेंगटीसुद्धा (शिंगाळा मासा) हापूसच्या पहिल्या पेटीपेक्षा महाग पडते. त्यापेक्षा इतिहास सांगा. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा या राजाने 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचला. राजाने मन कशात रमवावं याच्या यादीत त्याने 'मत्स्यविनोद' हे एक आख्खं प्रकरण घातलं आहे. माशांचे प्रकार, गळ, दोरी, कुठल्या माशाला काय खाऊ घालावं, सगळं त्यात आहे. म्हणजे आपण रविवारी सकाळी करतो तो नऊशे वर्षांचा राजमान्य छंद आहे. आमच्या घरी यावर "राजाकडे भाजी आणायला माणसं होती" एवढंच उत्तर आलं, पण विषय तरी निघाला.

खरेदी: दुकानात जाण्यापूर्वी पाकीट अर्धं रिकामं करा

गळाच्या सामानाच्या दुकानात टांगलेल्या वस्तूंपैकी निम्म्या माशांना धरण्यासाठी असतात आणि निम्म्या गिऱ्हाइकांना. चमचमणारे, डोळे वटारलेले, पोटात खुळखुळा असलेले कृत्रिम मासे पाहून आपलंच तोंड उघडतं. पहिल्या दिवशी त्या भिंतीकडे पाठ करून उभं राहा आणि एवढंच मागा:

सात फुटी, दोन तुकड्यांची मध्यम ताकदीची काठी. दोन तुकड्यांची यासाठी की एक तुकडा साडेतीन फुटांचा होतो आणि एसटीत वरच्या फळीवर मावतो. एकसंध काठी घेऊन मी एकदा देवगड गाडीत चढलो होतो. कंडक्टरने आधी काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "हिचं अर्धं काढू की पूर्ण?" काठीच्या बुडाजवळ ताकद आणि किती वजन फेकता येईल ते छापलेलं असतं. ते वाचा. दहा ते तीस ग्रॅम लिहिलेल्या काठीने शंभर ग्रॅमचं शिसं फेकलं तर शिसं जाग्यावर राहतं आणि काठीचा शेंडा जातो.

स्पिनिंग रीळ, ३००० किंवा ४००० आकाराचं. हा आकडा किमतीचा नाही, रिळाच्या मापाचा आहे, दुकानदाराला विचारून हसं करून घेऊ नका. (मी विचारलं होतं.) दुसऱ्या प्रकारचं, काठीच्या डोक्यावर बसणारं बेटकास्टिंग रीळ दिसायला रुबाबदार असतं. पण फेकताना त्याचं चाक अंगठ्याने वेळेवर रोखावं लागतं. नाही रोखलं तर दोरी जाण्याच्या वेगापेक्षा चाक जास्त फिरतं आणि क्षणात आजीच्या फणीतून निघालेलं गुंतवळ तुमच्या हातात येतं. ते सोडवण्यात जी संध्याकाळ जाते तिच्यात भरती येऊन जाते.

तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी दोरी, ०.३५ मिलिमीटर जाडीची. चांगल्या कंपनीची असेल तर ती साधारण आठ-नऊ किलोंचा ताण सहज सोसते. विणलेली 'ब्रेड' दोरी त्याच जाडीत कितीतरी पट मजबूत असते, पण खडपावरच्या (किनाऱ्यावरच्या खडकांवरच्या) कालवांना घासली की पटकन कापली जाते आणि अडकून ओढली तर बोटही कापते. ती पुढच्या वर्षी घ्या.

थोडी शिसं, थोडी स्विव्हलं (दोरीला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कड्या), एक लांब नाकाची पक्कड. ही पक्कड विसरलात तर बाकी सगळं विसरलात तरी चालेल, कारण परतच यावं लागणार आहे.

आणि गऱ्या. इथे जरा थांबायला हवं, कारण गरीच्या आकड्यांची पद्धत ज्याने काढली त्याला बहुधा मासे लागत नव्हते. १० नंबरची गरी लहान, ६ नंबरची त्याहून मोठी, १ नंबरची आणखी मोठी. आकडा घटेल तशी गरी वाढते. १ वर पोचल्यावर आकडे संपले, पण मासे अजून मोठे होते. मग शून्य मागे लावलं आणि उलटं मोजायला सुरुवात केली: १/० मोठी, २/० त्याहून मोठी, ५/० भलीमोठी. खाडीत पालू-तांबोशीसाठी १ ते २/०, तळ्यातल्या चिलापीसाठी ८ किंवा १०, एवढं लक्षात ठेवा. मी पहिल्यांदा '१० नंबर म्हणजे जबरदस्त' असं समजून जिताडा धरायला गेलो. त्या गरीने कोळंबीसुद्धा नीट धरली नाही.

जाकीट घेऊ नका. सोळा खिशांपैकी कुठल्या खिशात गऱ्या आहेत हे फक्त बसताना कळतं.

आमिष: स्वयंपाकघराशी असलेले संबंध

खाडीचं आमिष सोपं आहे. जिवंत कोळंबी मिळाली तर ती सर्वांत उत्तम. गरी तिच्या शेपटीकडून दुसऱ्या-तिसऱ्या वळीतून घाला म्हणजे ती पाण्यात बराच वेळ उड्या मारत राहते. डोक्यातल्या काळ्या ठिपक्यातून गरी घातलीत तर ती लगेच मरते आणि मग साध्या कोळंबीपेक्षा वेगळी राहत नाही. जिवंत नसेल तर ताजी कोळंबी, बोयाचा किंवा बांगड्याचा लांबट तुकडा. तुकड्याला कातडी राहू द्या, नाहीतर पहिल्या टोचणीलाच मांस गळून जातं. मुख्य म्हणजे आमिषाची कोळंबी आणि रात्रीच्या कालवणाची कोळंबी एकाच पिशवीत आणू नका. परतल्यावर कुठली कोणती यावर होणारा वाद तुम्ही जिंकणार नाही.

गोड्या पाण्यातल्या रोहू, कटला, मृगळ या मंडळींना मात्र कणकेचा गोळा लागतो, आणि खरी गंमत तिथे आहे. प्रत्येक जुन्या गळवाल्याकडे त्याची स्वतःची गुप्त कृती असते. ती तो मृत्युपत्रातही लिहीत नाही. माझी लिहून टाकतो: दोन वाट्या शेंगदाण्याची पेंड, एक वाटी बेसन, एक वाटी कणीक, चमचाभर मेथीपूड, ओवा, दोन चिमटी हिंग आणि मळायला थोडं ताक. पुरीच्या पिठाइतकं घट्ट मळा. सैल झालं तर पाण्यात पडताच सुटून जातं, फार घट्ट झालं तर गरी माशाच्या तोंडात टोचतच नाही. मळल्यावर एक गोळी पाण्याच्या ग्लासात टाकून बघा. दहा-पंधरा मिनिटं टिकून हळूहळू विरघळत राहिली तर जमलं.

या कृतीत एक धोका आहे आणि तो आमच्या घरी प्रत्यक्ष घडला. शनिवारी रात्री मळलेला गोळा मी डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवला. रविवारी पहाटे मला उठायला उशीर झाला. खाली आलो तर सासूबाई तव्यासमोर होत्या आणि घरभर ओवा-हिंगाचा वास सुटला होता. सासरेबुवा दुसऱ्या थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवत म्हणाले, "आज जरा खुसखुशीत झालंय. काय घातलंस?" मी काहीच बोललो नाही. बोलायला सुचण्याच्या आत तिसरं माझ्या ताटात पडलं. खरं सांगतो, चांगलं होतं. त्या दिवशी धरणावर मी दुकानातल्या पावाचे गोळे लावले आणि माशांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं बरोबरच होतं.

डब्यावर नाव लिहा. गांडुळांच्या डब्यावर तर मोठ्या अक्षरात. आमच्याकडे गांडुळाला काडू म्हणतात, ओल्या मातीत आणि झाकणाला भोकं पाडून ठेवले तर ते आठवडाभर राहतात. ते फ्रीजमध्ये ठेवू नका असं मी सांगणार नाही. मी ठेवतो. पण मी एकटा असताना.

केव्हा जायचं: तिथीची पाऊणपट

खाडीत पाणी हलत असतं तेव्हा मासा खातो. भरती चढताना शेवटचे दोन तास आणि ओहोटी लागल्यानंतरचा पहिला तास, एवढं पकडलं तरी अर्धी लढाई जिंकलीत. भर ओहोटीच्या थांबलेल्या पाण्यात गळ टाकून बसणं म्हणजे बंद झालेल्या खानावळीसमोर पत्रावळ मांडून बसणं.

भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. त्या दिवशीच्या तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा आणि अमावास्येला सव्वाअकरा, आणि मग पुन्हा प्रतिपदेपासून मोजणी सुरू. दिवसातली दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारी सकाळी सातला मासे लागले म्हणून या रविवारीही सातला जाणारा माणूस उपाशी परततो. खाडीत आत गेलात तर पाणी समुद्रकिनाऱ्यापेक्षा उशिरा पोचतं, तेवढा अर्धा-एक तास धरा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात धावतं, शिसं वाहून जातं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, सुस्त. दोन्हींच्या मधले दिवस नवशिक्याला बरे. आणि ज्या खडपावर चालत जाऊन बसलात तो भरतीला बेट होतो का, हे बसण्यापूर्वी विचारून घ्या. मला हे नंतर कळलं. आबांनी होडी पाठवली, पण ती येईपर्यंत काठावरची सगळी मंडळी मला हात हलवून शुभेच्छा देत होती.

निघताना एक काळजी. कुणी "खंय चललंस?" विचारलं की झालं, परत फिरून पाणी पिऊन निघायचं, असा आमच्याकडे नेम आहे. माझा विश्वास नाही. तरी मी मागच्या दाराने जातो.

कुठे बसायचं आणि कुठे नाही

खाडीतल्या जेटीच्या टोकाला, कांदळवनाच्या कडेला, पुलाच्या खांबांजवळ, खडपाच्या सावलीत मासा असतो. स्वच्छ वाळूच्या मोकळ्या जागेत फोटो चांगले येतात.

धरणं आणि तलाव इथे वेगळी गोष्ट आहे. बऱ्याच जलाशयांतला मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. बीज त्यांनी सोडलेलं असतं, म्हणजे मासे त्यांचे. तिथे आधी संस्थेच्या माणसाला विचारा, चहा पाजा, फी असेल ती भरा. बहुतेक वेळा तोच मग मासे कुठे आहेत ते सांगतो आणि ती माहिती फीपेक्षा मोलाची असते. मुंबईत पवई तलावावर हौशी गळवाल्यांची जुनी संघटना आहे, तिथे सदस्य होऊन रीतसर बसता येतं. त्या तलावात मगरीही आहेत, त्यामुळे कोण कुणाला गरवतंय याचं भान ठेवावं.

काही पाण्यांत गळ टाकायचाच नाही. महाडजवळ वाळणकोंडीला आणि वाड्याजवळ तिळसे इथे नदीतले महसीर देवाचे मानले जातात. लोक त्यांना चुरमुरे-फुटाणे घालतात आणि ते हातभर मासे पायाजवळ येऊन खातात. पेटीत पाच हजारांचे प्लॅस्टिकचे मासे बाळगणाऱ्या माणसाने एकदा तिथे जाऊन दहा रुपयांच्या फुटाण्यांची ताकद बघावी. काठी मात्र गाडीतच ठेवून. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीतही आधी नियम विचारूनच उतरा.

पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यातून शेतात चढतात तेव्हा सगळं गाव बॅटऱ्या घेऊन धावतं. ती अंडी घालायला निघालेली मंडळी असतात. मी जात नाही. गेल्यास शिव्या कमी, सर्दी जास्त मिळते.

गाठ

पन्नास गाठी शिकवणारे लोक भेटतील. एकच शिका. दोरी दुहेरी करा, ती दुहेरी घडी गरीच्या डोळ्यातून आरपार काढा. त्या घडीची आणि मागच्या दुहेरी दोरीची मिळून साधी सैल गाठ मारा, गरी खाली लोंबत राहू द्या. आता घडीच्या फासातून ती गरी पूर्ण बाहेर काढा. थुंकी लावा. दोन्ही बाजूंनी सावकाश ओढा. उरलेलं शेपूट कापा.

थुंकी लावायची ती नवस म्हणून नाही. कोरडी नायलॉन घट्ट ओढली की घर्षणाने तापते आणि गाठीपाशीच कमजोर होते. मोठा मासा सुटला असं सांगणाऱ्या दहापैकी नऊ जणांचा मासा गाठीतून सुटलेला असतो. दहाव्याला मासा लागलाच नव्हता.

मांडणीही साधी ठेवा: मुख्य दोरीत भोकाचं शिसं ओवा, मग स्विव्हल बांधा, स्विव्हलच्या दुसऱ्या टोकाला हातभर दोरी आणि गरी. मासा आमिष ओढतो तेव्हा दोरी शिशातून सरकते, त्याला वजन जाणवत नाही. जिथे तळाला खडक आहेत तिथे शिसं वेगळ्या, कमजोर दोरीच्या तुकड्याने टांगा. अडकलं तर शिसं तुटेल, बाकी परत येईल. आबांचा स्पार्क प्लग असाच टांगलेला असतो. पंचक्रोशीतल्या सगळ्या रिक्षांचे जुने प्लग आज आमच्या खाडीच्या तळाशी आहेत.

फेक

आधी मागे बघा. नंतर वर बघा. हे दोन्ही गमतीने लिहिलेलं नाही. मागे माणूस असू शकतो आणि वर विजेची तार. कार्बनची काठी वीज वाहून नेते, तारेला टेकली तर पुढची गोष्ट सांगायला कुणी उरत नाही. आकाशात गडगडायला लागलं तर काठी आडवी ठेवून छपराखाली जा. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी हवीच, कारण हवेतली गरी कुणाची ओळख ठेवत नाही.

आता दोरी तर्जनीवर धरा, रिळाची तारेची कमान उघडा, काठी खांद्यामागे न्या आणि पुढे आणा. काठी डोक्यावरून पुढे येऊन कपाळासमोर आली की बोट सोडा. लवकर सोडलंत तर आमिष आकाशात जातं, उशिरा सोडलंत तर पायाशी आपटतं. कमान उघडायला विसरलात तर दोरी तुटते आणि शिसं एकटंच पलीकडच्या गावाला जातं. माझ्या पहिल्या पाच फेकींची नोंद अशी: मागच्या माडाची झावळी, माझी पाठ, पाणी (पण अलीकडच्या डबक्यातलं), वाळत घातलेला शेजारच्या काकींचा गाऊन, आणि पुन्हा तीच झावळी. काकींनी गाऊन परत घेताना "काय गावलां?" विचारलं, ते मला आजही झोपेत ऐकू येतं.

घरामागे किंवा मैदानात, गरी न लावता नुसतं शिसं बांधून अर्धा तास सराव करा. शेजारी हसतील. हसू द्या, खाडीवर तेच गरी लावून होतं.

बसणे

या पायरीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आमिष पाण्यात, दोरी किंचित ताणलेली, एक बोट दोरीवर. दर पाच मिनिटांनी ओढून आमिष आहे का ते बघू नका. पालू टोचतो ते बारीक टकटक, शेंगटी ओढते ती आळशी ओढ, आणि तांबोशी आली तर काठी पाण्याकडे निघते. काठी दोन दगडांत नुसती टेकवून चहाला जाऊ नका. माझी पहिली काठी अशीच गेली. अकरा हजारांपैकी साडेचार हजार आजही एखाद्या तांबोशीमागे खाडीत फिरत असतील.

लागला!

ओरडू नका. हे लिहायला सोपं आहे.

रिळाचा ब्रेक, ज्याला सगळे ड्रॅग म्हणतात, घरूनच लावून आणा. दोन लिटरची पाण्याने भरलेली बाटली दोरीला बांधून उचला. बाटली अधांतरी आली आणि किंचित झटक्याला दोरी सुटायला लागली की आठ किलोंच्या तंगुसीला तो ताण बरोबर आहे. मासा पळत असताना रीळ फिरवू नका, पळू द्या. थांबला की काठी वर उचला, मग खाली आणताना दोरी गुंडाळा. काठीने ओढायचं, रिळाने फक्त उरलेलं गोळा करायचं. बाजूच्या पाच जणांकडून "ओढ!", "सोड!", "उजवीकडे घे!" अशा सूचना येतील. त्यातल्या कुणाच्याही हातात काठी नसते.

बाहेर आलेल्या माशाला हात लावण्यापूर्वी तो कोण आहे ते बघा. शेंगटी, म्हणजे शिंगाळा, असेल तर पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक असे तीन विषारी काटे असतात. पायाखाली दाबून गरी काढायचा पराक्रम चपलेतून आरपार जातो. पक्कड वापरा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, वेदना बरीच उतरते, आणि मग डॉक्टर. पाकटाच्या शेपटीलाही हाच नियम. फुग्यासारखा टम्म फुगून तुमच्याकडे रागाने बघणारा केंड लागला तर गरी कापा आणि त्याला जाऊ द्या. त्याचं विष शिजवूनही जात नाही, आणि दात असे की गरीच तोडतो.

गरी स्वतःच्या बोटात गेली आणि तिचा उलटा काटा आत रुतला तर ओढू नका. दोरी कापा, दवाखान्यात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. तिथे सगळ्यांना एकेकदा बोलावून दाखवलं जातं. त्याला इलाज नाही.

बारकी पिल्लं हात ओले करून परत सोडा. गुंतलेली, तुटलेली तंगूस खिशात घालून घरी आणा. पाण्यात राहिली की ती पक्ष्यांच्या आणि कासवांच्या पायात जाते. काठी-रीळ गोड्या पाण्याने धुवा. खारं पाणी रिळाला आठ दिवसांत असं धरतं की ड्रॅगचा प्रश्नच मिटतो.

रिकाम्या हाताने परतणे

हे वारंवार होणार आहे, म्हणून याचीही पद्धत हवी. 'एवढा मोठा सुटला' हे दोन्ही हात पसरून दाखवणं एका हंगामात दोनदाच चालतं. तिसऱ्या वेळी मुलं टेप आणून ठेवतात.

मग उरतो बाजार. यात मी एकदा सपशेल फसलो. घाईत दोन सुंदर पापलेटं घेतली आणि गळाला लागली म्हणून ओट्यावर ठेवली. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, पण गळाला लागण्याबद्दल त्याची ख्याती नाही. तो जाळ्यातला मासा, आणि बायको माहेरची मालवणची. तिने पापलेटाच्या पोटाला हात लावला आणि म्हणाली, "खाडीत हल्ली बर्फ पडतो वाटतं."

तेव्हा घ्यायचीच असेल तर तांबोशी घ्या, नाहीतर पालू. बर्फात फार काळ ठेवलेली नको, डोळे पांढरे पडलेले नकोत, कल्ले लाल हवेत. साफ करून घेऊ नका, आणि चुकूनही तुकडे करून आणू नका. ओठाला पक्कडीने थोडी इजा केली तर आणखी छान. पिशवी दुकानाची नको, आपली पाटी न्या. एकच दुकान ठरवून ठेवा म्हणजे बोभाटा होत नाही, असं मला वाटायचं. आमच्या बाजारातल्या मावशी हल्ली माझ्या खांद्यावरची काठी लांबून दिसली की टोपलीवरचं फडकं बाजूला करतात आणि हसत विचारतात, "आज केवढो धरलात, सांगा. तेवढोच देतंय."